कणसाच्या रंगाचे केस

जालन्याच्या ड्रेसवाल्याने गुरुजींना फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गावात ही गोष्ट उलटी सांगतात. गावात म्हणतात, गुरुजींनी बापाला फसवलं. बाप ओट्यावर जिवंत बसलेला असताना डोकं भादरलं, मिशी उतरवली आणि म्हाताऱ्याला जितेपणी पोचवलं. असं सांगणाऱ्यांतले अर्धे लोक तेव्हा गावात नव्हते. जे होते त्यांनी आपापल्या दारात उभं राहून बघितलं. मी जवळून बघितलं आहे, आणि मला कुणाची भीडभाड नाही.

मी सातवीत शाळा सोडली. डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन बाजार केले. घनसावंगीचा बाजार, चतुर्थीला राजूरचं गणपतीचं देऊळ, मधली बारीकसारीक गावं. बांगड्या, रिबिनी, टिकल्या, पावडरी, ज्याला आमच्याकडे कटलरी म्हणतात, तो माल. आज जालन्यात माझं पक्कं दुकान आहे आणि बायकांच्या पार्लरला माल माझ्याकडून जातो. मला कुणी काही आयतं दिलेलं नाही. गुरुजींनीही नाही. त्यांनी मला फक्त मारलं, आणि शाळा सोडली त्या दिवशी म्हणाले, "केशरीवर थांबलास रे."

याचा अर्थ तेव्हा गावातल्या प्रत्येक पोराला कळत होता. अर्धवट सोडलेल्या कामाला गुरुजी केशरी म्हणायचे. अर्धी सोडवलेली त्रैराशिकं केशरी, चार दिवसांनी बंद पडलेली तालीम केशरी, बायकोला माहेरी सोडून परत आणायला न गेलेला जावई केशरी. कारण काळ्या केसांना औषध लावून ते फिके करायला बसलं की आधी विटकरी होतात, मग केशरी होतात, आणि तिथे माणसाचा धीर सुटतो. डोकं चुरचुरतं, डोळ्यांतून पाणी येतं, आरशात माकड दिसतं. तिथे धुऊन टाकलं तर केशरीच राहतं. दम धरला तर पिवळं होतं.

गुरुजी दरवर्षी गणपतीच्या आधी पिवळे व्हायचे.

आमची जिल्हा परिषदेची शाळा. गुरुजी तिथे मराठी आणि चित्रकला शिकवायचे. गावचेच होते. रंगाने आमच्या जमिनीसारखे काळे, उंच, हाडकुळे, भरघोस मिशी. चालताना हात मागे बांधून, मान जरा वर करून चालायचे, साहेबासारखे. गाव त्यांना साहेबच म्हणायचं. गुरुजी म्हणणारे आम्ही त्यांचे विद्यार्थी तेवढे. गणपतीच्या मंडळाचं नाटक तेच बसवायचे आणि त्यात इंग्रज साहेब तेच व्हायचे. नाटक कुठलंही असो, साहेब असायचाच. एका वर्षी हुंड्याच्या प्रश्नावर नाटक बसवलं. सासू सुनेला छळते आहे, सून विहिरीकडे निघाली आहे, आणि मध्येच बूट वाजवत साहेब येतो, एक शेतकरी त्याच्या मुस्काटात मारतो, टोपी खाली पडते, साहेब गुडघ्यावर बसून टोपी उचलतो, स्वतःच्या बाहीने पुसतो आणि निघून जातो. मग सून पुढे विहिरीकडे जाते.

मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "साहेब, हिथं विंग्रज कुठून आला?"

गुरुजी म्हणाले, "वाटेने चालला होता."

लोक हसायचे, पण तो प्रवेश कुणी काढू दिला नसता. कारण पुढे, पोत्यावर, गुरुजींचे वडील बसलेले असायचे. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. आबा नाटक बघायला येत नव्हते, ते टोपी पडलेली बघायला यायचे. ती पडली की काठी टेकत उठायचे आणि घरी जायचे. पुढे सुनेचं काय झालं, त्यांनी कधी विचारलं नाही.

आबा तरुणपणी परतूरकडच्या रेल्वे लाइनीवर होते, निजामाच्या काळात. साहेब लाइन बघायला निघाला की त्याची ट्रॉली ढकलायचं काम. ही हकीकत मी आबांच्याच तोंडून त्यांच्या ओट्यावर ऐकलेली आहे, एकदा नाही, अनेकदा.

"वर छत्री लावलेली आस्ती. साहेब खुर्चीत. आमी दोघं मागून रुळावरून पळत ढकलून राह्यलो. वारा आला अन् त्याची टोपी उडाली. म्या पळत गेलो, आणली. धुळीत पडल्ती म्हणून माझ्या धोतराच्या सोग्यानं पुसली अन् दिली. तर त्यानं लाथ घातली. पुसली म्हणून. सगळ्या गँगम्होरं. म्या खडीवर पडलो."

मग आबा दरवेळी तेच म्हणायचे, "त्याचं तोंड ध्यानात न्हाई राह्यलं. केस राह्यले. टोपी गेल्यावर दिसले ना. मक्याच्या कणसाला केस येतेत का न्हाई, तसले. कवळ्या कणसाचे."

गुरुजी आधी टोपाखाली साहेब व्हायचे. टोप तागाचा, हळदीच्या पाण्यात बुडवलेला. मी पाचवीत होतो त्या वर्षी शेतकऱ्याने मुस्काटात मारली तेव्हा टोपीबरोबर टोपही खाली पडला. खालून गुरुजींचे तेल लावलेले काळे केस निघाले. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आबा हसले नाहीत. उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्यो काय साहेब हाय व्हय? ह्यो तर माझाच पोरगा हाय." आणि काठी टेकत निघून गेले.

पुढच्या वर्षीपासून गुरुजींनी टोप लावला नाही.

ते घरी कसं करायचे ते मला माहीत आहे. आधी मी बाकीच्या पोरांसारखं कुंपणातून बघितलं, पुढे सामान पुरवणारा म्हणून समोर बसून बघितलं. घरामागच्या परसात उन्हाकडे पाठ करून बसायचे, खांद्यावर जुना पंचा. मेडिकलमधून आणलेली पेरॉक्साइडची तपकिरी बाटली, त्यात अमोनियाचे थेंब, आणि कालवायला चिनी मातीची बशी. धातूचं भांडं चालायचं नाही. धातूला लागलं की औषध फसफसून मरतं, म्हणायचे. दात घासायच्या जुन्या ब्रशाने बटा बटांना लावायचे. आधी मानेवरची एक बट करून बघायचे, ती किती वेळात उतरते ते बघून मगच डोक्याला हात. मुळाशी शेवटी लावायचे, कारण डोक्याच्या उबेने मूळ जल्दी उतरतं. मिशीलाही लावायचे. तेव्हा ते बोलायचे नाहीत, वरच्या ओठावर आग व्हायची.

पिवळे झाले तरी काम संपत नसे. तो पिवळा फार भडक असतो, बँडवाल्याच्या झालरीसारखा. माणसाचे तसे केस नसतात. मग धुऊन रंग मारायचा. आम्हाला चित्रकलेच्या तासाला रंगचक्र शिकवताना ते हेच सांगायचे: चक्रात समोरासमोर बसलेले रंग एकमेकांना मारतात. केशरी मारायला निळा, पिवळा मारायला जांभळा. म्हणून केशरी राहिलेल्या जागी कपड्याची नीळ, आणि पिवळ्यावर तोंड आल्यावर लावतात ते दवाखान्यातलं जांभळं औषध, तांब्याभर पाण्यात अगदी थेंब. तांब्या पण स्टीलचा नाही, प्लास्टिकचा. पाणी डोक्यावरून सोडलं की पिवळ्याचा भडकपणा उतरायचा आणि खाली कोवळ्या कणसाचा रंग निघायचा. एका वर्षी हात जड पडला आणि गुरुजी वांग्याच्या फुलाच्या रंगाचे झाले. तसेच शाळेत आले. हजेरी घेतली, कविता शिकवली. कुणी हसलं तर म्हणाले, "हसा. पण वहीत बघून हसा."

नाटक झालं की काळा कलप लावून टाकायचे. पुन्हा पुढच्या वर्षी रंग उतरवायचे.

टोपीसाठी ते मला जालन्याच्या जुन्या बाजारात घेऊन गेले होते. मी तेव्हा नुकता धंद्यात पडलो होतो. खाकी, जाड, आत बुचासारखं काहीतरी असलेली जुनी साहेबी टोपी. गुरुजींनी ती बघितली आणि त्यांचा चेहरा असा झाला की दुकानदाराने भाव तिप्पट सांगितला. मी गुरुजींना चहा प्यायला पाठवलं. टोपीकडे न बघता आधी एका कंदिलाचा भाव केला, मग एका अडकित्त्याचा, आणि जाता जाता टोपी उचलून म्हणालो, "ही कोंबड्या झाकायला दे, बराबर बोल." घेऊन आलो. गुरुजींनी ती दोन्ही हातांत धरली आणि सोग्याने पुसायला गेले आणि थांबले. न पुसताच डोक्यावर घातली. आत घामाची चामड्याची पट्टी होती. पुढे वर्षानुवर्षं ओल्या केसांवर ती टोपी चढली आणि त्या पट्टीला जांभळ्या औषधाचा डाग पडला. कपाळाच्या जागी, बोटभर लांब. हा डाग लक्षात ठेवा.

टोपीमागून कोट आला, घोट्याच्या वर येणारे बूट आले, पितळी मुठीची छडी आली. हे सगळं एका ट्रंकेत. गुरुजींच्या घरात त्या ट्रंकेएवढं जपलेलं दुसरं काही नव्हतं.

मग गावात व्हिडिओ आला. गणपतीत भाड्याने टीव्ही आणायचा, पडदा बांधायची गरज नाही, तालीम नाही. मंडळाच्या पोरांनी गुरुजींना सांगितलंसुद्धा नाही. गुरुजींनी त्या वर्षी केसांचा रंग उतरवून ठेवला होता. पिवळ्या केसांनी ते देवळापाशी आले, टीव्हीसमोर बसलेली गर्दी बघितली आणि आबांना हाताला धरून परत घेऊन गेले. आबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्याने उजळ तेवढं दिसायचं. वाटेत ते विचारत होते, "पाडली का रे टोपी? मला कशी न्हाई दिसली?"

गुरुजींना त्यानंतर एकच गोष्ट हवी होती. आबांनी डोळे मिटायच्या आधी एकदा तरी ती टोपी पडलेली बघावी. दुसरं काही नाही. बढती नको होती, बदली नको होती.

आणि याच वेळी तो ड्रेसवाला आला.

जालन्यात त्याचं दुकान. शाळांच्या गॅदरिंगला मावळे, राधा-कृष्ण, पोलीस असले कपडे भाड्याने द्यायचा. त्याला कुणीतरी सांगितलं की घनसावंगीकडे एका मास्तरकडे खरीखुरी साहेबी ट्रंक आहे. मुंबईची माणसं औरंगाबादला एका जुन्या बंगल्यात मालिकेचं शूटिंग करणार होती आणि त्यांना कपडे पुरवायचं काम याने धरलं होतं. तो गुरुजींच्या घरी आला, ट्रंक उघडून बघितली, टोपी हातात घेतली. मी तिथे होतो. भाव करताना माणूस वस्तूकडे कसं बघतो ते मला कळतं. त्याचे डोळे ट्रंकेवर होते, गुरुजींवर नव्हते.

"तुम्हीच साहेब व्हा ना," तो म्हणाला. "मुंबईवाल्यांना मी सांगतो. ट्रंक घेऊन जातो, तुम्ही मागून या."

मी म्हणालो, "ट्रंक आन माणूस संगंच येतील. आन काम काय हाय ते आधी बोला. किती वेळ दिसणार, काय बोलणार, समद्यांम्होरं लिहून."

गुरुजी माझ्यावर तडकले. "तू मध्ये बोलू नको. तू भाव करतोस. इथे भाव करायचा नाही."

माझी ही ठसठस अजून गेलेली नाही. आयुष्यभर मी भाव करून जगलो, आणि जिथे करायला पाहिजे होता तिथे मला गप्प बसवलं.

ड्रेसवाला जाताना दारात वळला. गुरुजींच्या केसांवर तेव्हा कलप होता. म्हणाला, "केस मात्र बिलकुल सफेद पाहिजेत. कॅमेऱ्यात पिवळं काळंच दिसतंय." आणि ट्रंक जीपमध्ये टाकून गेला. आबा ओट्यावर होते. त्यांनी विचारलं, "कोण व्हता?" गुरुजी म्हणाले, "आबा, टीव्हीत टोपी पडणार. जवळ बसून बघायची."

कलप लावलेल्या केसांवरून औषध लावलं तर रंग धड उतरत नाही. वर्षाचे केस वाढलेले असले की गुरुजी कलपाचे कापून टाकून मग करायचे. या वेळी वेळ नव्हता. मी तोवर जालन्यात दुकान टाकलं होतं, आणि पार्लरची ब्लीचची पावडर तिथे नवीनच आली होती. मी ती दिली तेव्हा बजावलं होतं की एकदा लावा आणि आठवडाभर हात लावू नका. त्यांनी लावली. केशरी झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. पिवळे झाले. मी बाजाराहून येताना डोकावलो तर तिसऱ्यांदा बशी कालवत बसलेले. डोक्यावर बारीक फोड आलेले दिसत होते.

"गुरुजी, लोक कापडसुद्धा असं जाळून न्हाई धूत," मी म्हणालो. "पिवळं झालंय की. थांबा."

"आबांना पिवळं दिसत नाही आता," ते म्हणाले. "पांढरं दिसतं."

मी त्यांच्या हातातली बशी घ्यायला गेलो तर त्यांनी मला शाळेतल्यासारखं मनगटावर छडीसारखं बोट मारलं. मी चिडून निघून गेलो.

शूटिंगच्या दिवशी दुकान बंद करून मी त्यांच्याबरोबर औरंगाबादला गेलो. त्यांच्या डोक्याला टॉवेल. टॉवेलला केसांचे तुकडे चिकटत होते, सुकलेल्या गवतासारखे तुटत होते. जे उरले होते ते पांढरे झाले होते, खरोखर पांढरे. बंगल्याच्या आवारात गेलो तर गुरुजींची टोपी, गुरुजींचा कोट आणि गुरुजींची छडी एका परदेशी पोराच्या अंगावर. लेणी बघायला आलेला पाहुणा होता, रस्त्यावरून उचलून आणलेला. त्याचे केस गुरुजींच्या केसांपेक्षा काळे होते.

मुंबईच्या माणसाने गुरुजींकडे बघितलं आणि ड्रेसवाल्याला विचारलं, "हे कोण? आजारी आहेत का?"

ड्रेसवाला म्हणाला, "नाही नाही. हे ड्रेसबरोबर आलेत."

मी त्याच्याकडे निघालो होतो. गुरुजींनी माझा दंड धरला. म्हणाले, "बाहेर जाऊन बस." मी गेलो नाही. पण काही केलंही नाही, कारण गुरुजी पुढे झाले आणि त्या पोराच्या हातातली छडी सरळ करून दिली. साहेब छडी कशी धरतो, मान कशी ठेवतो, हे त्याला खुणेने दाखवलं. दिवसभर दाखवत होते. त्या प्रसंगात साहेब नुसता जिन्यावरून उतरायचा होता. कुणी मारणार नव्हतं. टोपी पडायची नव्हतीच.

ट्रंक संध्याकाळी मिळेल, ड्रेसवाला म्हणाला. संध्याकाळी म्हणाला, उद्या. मग, आठ दिवसांनी या.

गावी आल्यावर गुरुजींच्या डोक्यावर जागोजागी फोड आणि मध्ये झुपके. मिशी अर्धी गळलेली. डॉक्टरने सांगितलं, सगळं साफ करा, नाहीतर औषध लागणार नाही. ते गावच्या न्हावीमामांकडे गेले. न्हावीमामांनी वस्तरा काढला, डोक्याकडे बघितलं आणि परत ठेवला.

"आबा बसल्यात वट्ट्यावर," ते म्हणाले. "जित्या बापाच्या पोराचं डोकं अन् मिशी म्या न्हाई उतरवणार. माझा हात न्हाई चालायचा, साहेब."

आमच्याकडे डोकं आणि मिशी एकदम गेली की बघणारा एकच अर्थ लावतो. हे मी गुरुजींना सांगायची गरज नव्हती. मी म्हणालो, "जालन्याला उतरवा आन चार दिवस माझ्याकडं ऱ्हावा. गावात आल्यावर म्हणा, तिरुपतीला गेल्तो. लोक जातेत. मी बी म्हणतो, संगं होतो. झालं."

"खोटं बोलायला स्टेज लागतं," गुरुजी म्हणाले. हे ते शाळेत आम्हाला हजारदा म्हणाले असतील. मी त्या वाक्यावर पहिल्यांदा दात खाल्ले.

जालन्याच्या स्टँडबाहेर एका न्हाव्याने काही न विचारता सगळं साफ केलं. नुसतं म्हणाला, "वडील का?" गुरुजी म्हणाले, "नाही." त्याला वाटलं, आई.

परत येताना जीपमध्ये मी मागे होतो. गुरुजी चढले आणि ड्रायव्हरने टेप बंद केला. पुढची सीट एकाने उठून दिली. मग शेजारच्या गावचा एक जण हळूच म्हणाला, "कधी झालं? आमाला कळलंबी न्हाई." गुरुजी म्हणाले, "काही झालं नाही. केस खराब झाले होते." दुःखाने माणूस असं काहीही बोलतो, असं त्या माणसाच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. तो आपल्या फाट्यावर उतरला तो नीट आबांच्या बहिणीच्या घरी गेला. ती त्याच गावात दिलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांची बहीण आली. बरोबर बायका, एक-दोन पुरुष. गल्लीच्या तोंडापासून तिने गळा काढला. "दादा रं, मला न भेटताच गेलास रं." आबा ओट्यावर बशीतून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

"कोण गेलं गं?" त्यांनी विचारलं.

ती जागच्या जागी थांबली. रडायचं तोंड तसंच उघडं. मागच्या बायका एकमेकींच्या अंगावर आल्या. गुरुजी आतून बाहेर आले, तसेच, उघड्या डोक्याने. बहिणीने त्यांच्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

आबांनी हात पुढे केला. गुरुजी जवळ बसले. म्हाताऱ्याने डोक्यावरून हात फिरवला, खपल्यांवरून, कानापर्यंत. मग वरच्या ओठावरून अंगठा फिरवला. ओठावर तो जरा वेळ राहिला.

"माझं उरकलं व्हय रे समदं?"

"नाही आबा. केस जळले. त्या शूटिंगपायी."

"आन मिशी?"

"मिशी पण."

"टीव्हीत कधी येनार तू?"

मी तिथे उभा होतो. मी मनात म्हणत होतो, बोला, दिवाळीला येणार म्हणून सांगा. एवढं एक सांगा.

"मी नाही आबा. तिथे दुसरा साहेब घेतला."

"टोपी?"

"त्याने घातली."

"मंग पाडली का न्हाई कुणी?"

"नाही आबा. तिथे पाडायचीच नव्हती."

आबांनी हात काढून घेतला. चहा तसाच राहिला. त्या दिवसानंतर ते ओट्यावर बसले नाहीत. बसले की येणारा-जाणारा दचकायचा. काही लोकांनी मुद्दाम वाट बदलली. ते आत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. सून, म्हणजे गुरुजींची बायको, ताट घेऊन गेली की म्हणायचे, "माझं झालंय." जेवण झालं असं म्हणतात की दुसरं, हे तिला कळायचं नाही. पहिली थंडी पडायच्या आत आबा गेले.

दहाव्याला गोदावरीवर मी होतो. न्हावीमामा या वेळी वस्तरा घेऊन समोर बसले. गुरुजींनी डोकं पुढे केलं. डोक्यावर खपल्यांमध्ये नुसती लव होती. न्हावीमामांनी पाणी लावलं, आणि थांबले.

"साहेब, काढू काय?"

गुरुजी म्हणाले, "फिरव."

त्यांनी कोरडा वस्तरा फिरवावा तसा फिरवला. खाली काही पडलं नाही. मागे भावकीतला एक म्हातारा म्हणाला, याचे केस आधीच देऊन झाले. तेव्हापासून गावात तीच गोष्ट चालते.

पुढे मी ड्रेसवाल्याच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईकं होती, त्यांच्यासमोर त्याची गचांडी धरली. ट्रंक मागितली. म्हणाला, मुंबईवाल्यांनी नेली. आबा कसे गेले ते सांगितलं. त्याने माझा हात सोडवला, कॉलर नीट केली आणि म्हणाला, "तुमच्या गुरुजींनी स्वतःच्या हातानं डोक्याला लावलं. बशी मी धरली होती का?" लोकांनी मला बाहेर काढलं.

गुरुजींनी पुन्हा काही लावलं नाही. केस आले ते पिकलेलेच आले. निवृत्त झाले, ओट्यावर आबांच्या जागी बसू लागले. गावची पोरं मागून साहेब म्हणायची. एकदा मी गेलो तेव्हा स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आता बिलकुल सफेद झालेत बघ." ते गेले तेव्हाही तसेच पांढरे होते.

मी हे आज लिहितो आहे कारण जालन्यात त्या ड्रेसवाल्याचा सत्कार झाला. नाटकाची सेवा केली म्हणून. शाल, नारळ, भाषणं. मागे टेबल मांडून त्याचा जुना संग्रह ठेवला होता. त्यात ती टोपी होती. मुंबईवाल्यांनी नेली होती ती टोपी. मी टेबलापाशी गेलो आणि उलटी केली. चामड्याच्या पट्टीवर कपाळाच्या जागी जांभळा डाग, बोटभर लांब. सत्कार ठेवणाऱ्यांतला एक पोरगा आला आणि म्हणाला, "काका, हात नका लावू, जुनी वस्तू आहे." तिकडे ड्रेसवाला माइकवर सांगत होता की ही टोपी त्याने किती कष्टाने मिळवली.

ड्रेसवाल्या, मला तुझी शाल नको आणि ट्रंकेचं भाडंही नको. तू विचारलं होतंस, बशी मी धरली होती का. त्याचं उत्तर तूच द्यायचं आहे, त्याच हॉलमध्ये, त्याच माइकवर. ती टोपी लोकांसमोर उलटी कर, डाग दाखव आणि सांग हा कुणाच्या डोक्याचा आहे. मग हेही सांग, एका जिवंत म्हाताऱ्याच्या दारात बायका रडत आल्या त्या कुणाच्या शब्दावर. सांगून झाल्यावर टोपी खाली टाक आणि गुडघ्यावर बसून उचल. पुढच्या रांगेत मी बसलेला असेन.